शरीराला लागणारे प्रायॉन प्रथिन: निपाणी भागातील एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातील, वेदगंगेच्या काठच्या एका मराठी शेतकरी कुटुंबाचे आहे. ते कुटुंबाच्या संमतीने मांडले आहे आणि ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय व नातेसंबंध यांतील काही तपशील बदलले आहेत. मी बेळगावात वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवतो. उपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ मॅडमनी समुपदेशनासाठी बोलावल्यामुळे माझा या कुटुंबाशी संबंध आला. प्रायॉनविषयी, म्हणजे घडी चुकल्यावर मेंदूचा जीवघेणा आजार घडवणाऱ्या प्रथिनाविषयी, मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक सगळे आजाराविषयी असते. हेच प्रथिन निरोगी शरीरात कोणते काम करते, हा प्रश्न एखाद्या ओळीत आटोपला जातो. या कुटुंबाच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच प्रश्नापाशी येऊन थांबला.

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांचे होते आणि घरात व गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. थोडा ऊस, थोडा तंबाखू आणि चार म्हशी एवढा त्यांचा प्रपंच होता. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता आणि तळपायाला मुंग्या येत असत. एका पावसाळ्यात त्यांच्याकडून उसाच्या बिलाचा हिशेब चुकू लागला, मग रोजच्या मळ्याच्या वाटेवर ते चुकले, आणि दिवाळीपर्यंत चालताना तोल जाणे व झोपेत अंग दचकणे सुरू झाले. आधी गावातले डॉक्टर, मग कोल्हापूर आणि शेवटी बेळगाव, असा उपचारांचा प्रवास झाला. मध्यंतरी कुणी बाधा झाल्याचे सांगितल्यावरून देवाधर्माचेही करून झाले.

बेळगावात काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या बाह्य थराच्या कडेने पांढरी फीत दिसली. मेंदूच्या विद्युत आलेखातही ठरावीक अंतराने येणाऱ्या तीक्ष्ण लहरी होत्या. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीने संशयाला बळकटी दिली आणि क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराचे, म्हणजे सीजेडी या मेंदूच्या प्रायॉन-आजाराचे, निदान झाले. हा आजार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्याला होतो. त्यातील सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये तो आपोआप उद्भवतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये जनुकातील बदलामुळे होतो, आणि बाहेरून संसर्ग झाल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. त्याला थोपवणारा उपचार आज उपलब्ध नाही. अण्णा सहाव्या महिन्यात गेले.

ते हयात असतानाच त्यांच्या पत्नीला एक गोष्ट आठवली होती. चिकोडीकडे दिलेली अण्णांची आत्या पंचावन्नच्या आसपास अशीच भ्रमिष्ट होऊन चार-पाच महिन्यांत गेली होती. कुटुंबाच्या संमतीने अण्णांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात २०० व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसीन आले आहे, असा अहवाल आला. हा बदल आई किंवा वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, त्यामुळे प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. अण्णांना दोन अपत्ये. मुलगा ३१ वर्षांचा असून बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरीला आहे, आणि मुलगी २७ वर्षांची असून मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या वेळी मुलीचे लग्न ठरत आले होते.

समस्या

अहवाल घरापुरता राहिला नाही. तालुक्याच्या ठिकाणी एका चिठ्ठीवर आजाराचे नाव उघडपणे लिहिलेले होते. ती चिठ्ठी कुणीतरी वाचली, मोबाइलवर ते नाव शोधले, आणि आठवडाभरात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘वेड्या गायीचा रोग’ असा संदेश फिरू लागला. त्यासोबत लडखडत पडणाऱ्या एका परदेशी गायीचा जुना व्हिडिओही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या पत्नी डेअरीला दूध घालायला गेल्या, तेव्हा सेक्रेटरींनी फॅट न लावताच कॅन बाजूला ठेवायला सांगितला. “काकी, माझं काय न्हाई, पण बाकीचे सभासद ऐकंनात,” असे ते म्हणाले. त्या घरात रोजचा बाजार, दवाखान्याची उधारी आणि पेंडेचे पैसे हे सगळे दुधाच्या बिलातून भागत होते.

मुलीच्या सासरकडच्यांकडून निरोप येणे थांबले. मुलगा रविवारी गावी येई. तो मॅडमना भेटायला आला, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला: “मॅडम, ज्या प्रथिनामुळं अण्णा गेले, ते माझ्या अंगातून काढूनच टाकता येत नाही का? त्याचा उपयोग तरी काय आहे?”

गावाची भीती आणि मुलाचा प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की प्रायॉन प्रथिन हा बाहेरून शिरलेला शत्रू आहे आणि तो ज्याच्या अंगात असेल त्याच्यापासून लांब राहावे, किंवा त्याला हाकलून द्यावे.

प्रथिनाचे काम: कुटुंबाला काय सांगितले

पहिल्या दोन बैठका आम्ही केवळ या समजुतीवर खर्च केल्या. तो वेळ योग्य कारणी लागला असे माझे मत आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हे नाव मांडले आणि १९९७ मध्ये त्यांना त्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण या विषयातला निर्णायक शोध १९८५ चा आहे, असे मला वाटते. रोगकारक कणातील प्रथिन एखाद्या विषाणूच्या जनुकातून बनत नसून आजारी प्राण्याच्या स्वतःच्याच जनुकातून बनते, हे तेव्हा उघड झाले. माणसात हे जनुक २० व्या गुणसूत्रावर असते. त्यातून आधी २५३ अमिनो आम्लांची साखळी तयार होते, तिची दोन्ही टोके छाटली जातात, आणि उरलेले प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एका मेदयुक्त दुव्याने अडकून राहते. त्याचा अर्धा भाग नीट घडी पडलेला असतो, तर उरलेला भाग मोकळ्या शेपटासारखा असतो आणि त्यात तांब्याचे अणू धरून ठेवणारे ठरावीक तुकडे पुन्हा पुन्हा येतात. चेतापेशींवर हे प्रथिन भरपूर असते आणि शरीराच्या इतर अनेक ऊतींमध्येही ते आढळते. या नेहमीच्या प्रथिनाची घडी चुकते आणि ती चुकीची घडी शेजारच्या प्रथिनांवरही लादली जाते, तेव्हाच सीजेडी होतो.

मग नेहमीच्या घडीतले प्रथिन काय करते? झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने १९९२ मध्ये हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. ते उंदीर जन्मले, वाढले आणि त्यांना पिल्लेही झाली. पुढच्याच वर्षी असे दिसले की मेंढ्यांमधील स्क्रेपी या प्रायॉन-रोगाचा अंश टोचूनही त्यांना रोग होत नाही. त्यावरून हे प्रथिन निरुपयोगी असावे, असा तर्क काही जणांनी केला. मुलाचा प्रश्न नेमका या तर्काच्या बाजूचा होता आणि १९९३ मध्ये विचारला असता, तर त्याला ठोस उत्तर देणे अवघड गेले असते.

पुढची उत्तरे हळूहळू आली. १९९६ मध्ये या उंदरांच्या झोपेच्या व दैनंदिन लयीत फरक असल्याचे आढळले. २००६ मध्ये हार्वे लोडिश आणि सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटांनी दाखवले की अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींवर हे प्रथिन असते, आणि ते नसेल तर त्या पेशींची स्वतःला पुन्हा पुन्हा घडवण्याची ताकद कमी पडते. सगळ्यात पक्का पुरावा हातापायांच्या चेतांविषयीचा आहे. झुरिकच्याच अड्रियानो अगुत्सी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की प्रथिन नसलेले उंदीर वयस्क झाले की त्यांच्या चेतातंतूंभोवतीचे मायलिनचे आवरण झिजत जाते. हे प्रथिन फक्त चेतापेशींतून काढले तरी आवरण बिघडते. आवरण तयार करणाऱ्या श्वान (Schwann या संशोधकाच्या नावाच्या) पेशींतून काढले तर मात्र बिघडत नाही. याचा अर्थ, चेतापेशीवरचे प्रथिन शेजारच्या श्वान पेशीला आवरण राखण्याचा निरोप देत असले पाहिजे. २०१६ मध्ये त्या निरोपाची वाट सापडली. प्रथिनाचे मोकळे शेपूट तुटून सुटे होते आणि श्वान पेशीवरच्या जीपीआर१२६ नावाच्या ग्राहीला जाऊन लागते.

मी टेबलावर उंदराच्या चेतेच्या आडव्या छेदाची दोन छायाचित्रे ठेवली होती. एकात प्रत्येक तंतूभोवती जाड, काळे, गोल कडे होते. दुसऱ्यात तीच कडी पातळ, तुटक आणि काही ठिकाणी नाहीशी झालेली होती. मुलगा ती चित्रे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने अण्णांच्या पायाच्या मुंग्यांविषयी विचारले.

येथे आम्हाला थांबून विचार करावा लागला. २०० व्या स्थानाच्या बदलात हातापायांच्या चेतांचा विकार आढळल्याचे वैद्यकीय अहवाल आहेत. त्यामुळे ‘अण्णांच्या मुंग्या त्याच प्रथिनामुळे होत्या’ असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक होते, आणि मुलालाही तेच ऐकायचे होते. पण अण्णांना जुना मधुमेह होता आणि मधुमेहात मुंग्या येणे अगदी नित्याचे आहे. मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितले की दोन्हीपैकी कोणते कारण हे आता ठरवता येणार नाही. हाताशी असलेले चित्र कितीही पटणारे असले, तरी ते एका माणसाच्या पायांवर चिकटवण्याचा अधिकार आपल्याला नाही, या त्यांच्या भूमिकेशी मी पूर्ण सहमत आहे.

मुलीचा प्रश्न वेगळा होता, कारण ती विज्ञान शिकवते आणि दोन बैठकांच्या मधल्या काळात तिने पुष्कळ वाचले होते. ‘घडी बदलणे आणि ती शेजाऱ्याकडे पोचवणे’ ही पद्धत निसर्गाने कुठे उपयोगासाठी ठेवली आहे का, असे तिने विचारले. ठेवली आहे, पण ती उदाहरणे वेगळ्या प्रथिनांची आहेत, हे आधी सांगावे लागले. यीस्टमध्ये सप३५ नावाचे प्रथिन अशी घडी बदलते आणि तो बदल डीएनएमध्ये काही न बदलता पुढच्या पेशींत जातो. अशा वारशामागे प्रायॉन असावेत, हे रीड विकनर यांनी १९९४ मध्ये मांडले. लिंडक्विस्ट यांच्या मते ही यीस्टची बदलत्या परिस्थितीत तग धरण्याची युक्ती आहे, तर विकनर यांच्या मते हा यीस्टचा आजारच आहे. हा वाद मिटलेला नाही. बुरशीच्या पोडोस्पोरा नावाच्या एका जातीत मात्र हेट-एस हे प्रायॉन-प्रथिन परक्या वंशाच्या बुरशीशी एकजीव होणे रोखते, आणि तेथे उपयोग बराच स्पष्ट दिसतो. कौशिक सी, लिंडक्विस्ट आणि एरिक कँडेल यांनी २००३ मध्ये समुद्री गोगलगाईच्या चेतापेशींतील सीपीईबी या प्रथिनाचा अशाच गुणधर्माशी आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीशी संबंध जोडला. माणसाच्या पेशीत विषाणू शिरला की मॅव्हस हे प्रथिन प्रायॉनसारखेच एकमेकांना ओढत लांब तंतू बनवते आणि धोक्याचा इशारा क्षणात मोठा करते, हे २०११ मध्ये दिसून आले. हे सगळे ऐकल्यावर मुलीने वहीत दोन रकाने केले, एक अण्णांच्या प्रथिनाचा आणि दुसरा इतर प्रथिनांचा, आणि कोणती माहिती कुठे जाते हे आमच्याकडून तपासून घेतले. कुटुंबाशी झालेल्या सगळ्या बोलण्यात एवढी काटेकोर नोंद दुसरी नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

दूध नाकारण्याच्या प्रश्नावर चार मार्ग समोर होते. डॉक्टरांनी लेखी दाखला देणे हा पहिला. ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, डेअरीला समज देणे हा दुसरा. काही न करता प्रकरण निवू देणे हा तिसरा. गावात उघडपणे बोलणे हा चौथा. दाखल्यात आजाराचा उल्लेख करावा लागला असता आणि तो कागद पुन्हा मोबाइलवर फिरला असता. पंचायतीच्या आदेशाने कॅन कदाचित उघडला असता, पण त्या दुधाकडे लोकांनी संशयानेच पाहिले असते. निवण्याची वाट पाहणे घरातल्या रोजच्या खर्चाला परवडणारे नव्हते. आम्ही चौथा मार्ग निवडला. पण त्याआधी अण्णांच्या पत्नीला आम्ही विचारले की नाव गावात आधीच फुटले आहे, तरीही त्यावर जाहीर बोलायला तुमची परवानगी आहे का. त्यांनी एक अट घातली. मुलांच्या जनुकाविषयी एक अक्षरही बोलायचे नाही. ती अट आम्ही शेवटपर्यंत पाळली.

काय बोलायचे यावर आमच्यातच मतभेद झाले. तालुका आरोग्य विभागातील सहकाऱ्यांचे म्हणणे होते की ‘हा रोग दुधाने पसरत नाही’ एवढेच सांगावे, कारण जास्त माहितीने गोंधळ वाढतो. माझा आग्रह होता की हे प्रथिन प्रत्येकाच्या अंगात असते आणि ते कामाचे आहे, हेही सांगितले पाहिजे. नुसते ‘पसरत नाही’ म्हटले तर शत्रू तसाच राहतो, फक्त तो आज कुंपणापलीकडे आहे एवढेच आश्वासन मिळते. एका सहकाऱ्याने विरजणाचा दाखला सुचवला: थेंबभर विरजण दुधात पडले की सगळे दूध दही होते, तशी चुकीची घडी पसरते. शिकवण्याच्या दृष्टीने तो दाखला अचूक आहे. पण ज्या गावात भीतीच मुळी दुधाची आहे, तेथे तो वापरला असता तर उरलेले कॅनही बंद झाले असते. तो आम्ही बाजूला ठेवला.

केलेली कृती

संध्याकाळचे दूध संकलन संपल्यावर मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. आरोग्य विभागाचे पत्रक कन्नडमध्ये होते. गावातल्या वयस्क सभासदांपैकी अनेकांना ते वाचता येत नव्हते, म्हणून दोन्ही भाषा जाणणाऱ्या आशाताईंनी ते परिच्छेदापरिच्छेदाने मराठीत सांगितले. पीडीओ साहेबांनी थोडक्यात कन्नडमध्ये आवाहन केले. मॅडमनी आधी संदेशातला व्हिडिओ घेतला. तो गुरांमधला प्रायॉन-रोग ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ओळखला गेला, मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांना चारल्यामुळे तो पसरला, आणि भारतात गुरांमध्ये या रोगाची नोंद झालेली नाही, हे त्यांनी सांगितले. अण्णांचा आजार वेगळा होता. तो शेजारी बसून, एका ताटात जेवून किंवा सेवा करताना हात लागून होत नाही, आणि माणसाकडून म्हशीला जाऊन दुधात उतरत नाही.

मग प्रथिनाविषयी मी बोललो. सेक्रेटरींनी मध्येच विचारले, “मंजे अण्णांच्या अंगात व्हतं ते आमच्या बी अंगात हाय म्हंता?” होय, असे मी सांगितले, तुमच्या, माझ्या आणि गोठ्यातल्या म्हशीच्याही. अण्णांचे दुर्दैव हे की त्यांच्या प्रथिनाची घडी बिघडली. तुमच्या अंगातले तेच प्रथिन या क्षणी तुमच्या पायांच्या चेतांवरचे आवरण राखायला मदत करत आहे. उंदरांची ती दोन छायाचित्रे मोठी छापून आणली होती, ती हातोहात फिरली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती चष्म्याजवळ धरून विचारले की आवरण झिजलेला उंदीर लंगडतो का. वय झाले की त्याच्या मागच्या पायांतली ताकद कमी होते, असे सांगितल्यावर ते मान हलवून म्हणाले, “मग ह्ये पायजेच की.”

त्यानंतर आलेला प्रश्न सगळ्यात अवघड होता. एका तरुण सभासदाने विचारले की म्हशीच्या अंगात हे प्रथिन असेल, तर दुधातही असते का. खरे उत्तर ‘असू शकते’ असे आहे. २००६ मध्ये झुरिकच्या संशोधकांना गाय, मेंढी, शेळी आणि माणूस यांच्या दुधात नेहमीच्या घडीतले प्रायॉन प्रथिन अल्प प्रमाणात सापडले होते. आरोग्य विभागातील सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांची काळजी मला कळत होती. ‘नसते’ म्हणणे सोपे गेले असते. पण हा तरुण घरी जाऊन मोबाइलवर तेच शोधणार आणि एक गोष्ट खोटी ठरली की बाकीच्या सगळ्या खोट्या ठरणार, हे दिसत होते. असू शकते, असे मी सांगितले, आणि पुढे म्हणालो की असेल तर ते कायमच होते, आईच्या दुधातही असते, आणि नेहमीच्या घडीतले प्रथिन पोटात गेल्याने काही होत नाही.

बैठक संपल्यावर मॅडमनी सभामंडपातच चहात घालायला अण्णांच्या घरचे दूध मागवले. हे आधी ठरलेले नव्हते.

मुलांच्या बाबतीतले निर्णय

मुलाच्या ‘काढून टाकता येईल का’ या प्रश्नाला वर सांगितलेल्या माहितीमुळे दोन बाजूंचे उत्तर देता आले. प्रथिन पूर्ण नाहीसे करणे निर्धोक आहे असे उंदरांवरून म्हणता येत नाही, कारण वय झाल्यावर त्यांच्या चेतांची हानी होते. पण ते कमी करणे ही वेगळी गोष्ट आहे. नॉर्वेतील दुभत्या शेळ्यांच्या एका जातीत हे प्रथिन मुळातच न बनणाऱ्या शेळ्या २०१२ मध्ये सापडल्या आणि त्या वरवर निरोगी होत्या. ज्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी आहे, अशी थोडी माणसेही निरोगी आढळली आहेत. निम्मेच प्रथिन असलेल्या उंदरांत संसर्गानंतर रोग बराच उशिरा येतो. म्हणून या प्रथिनाचे उत्पादन कमी करणाऱ्या औषधांवर काम चालू आहे आणि आजाराची लक्षणे असलेल्या रुग्णांवर अशा एका औषधाची चाचणी सुरू झाली आहे. लंडनमध्ये सहा रुग्णांना या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड देण्यात आले होते. त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: औषध सुरक्षित दिसले, पण त्याने आजार थांबल्याचे सिद्ध झाले नाही. आज हाती देण्यासारखे काही नाही, हे सांगताना आम्ही आवाज मवाळ केला, पण अर्थ मवाळ केला नाही.

तपासणी करायची की नाही, याचा निर्णय दोघांनी वेगवेगळा घ्यावा आणि एकाने दुसऱ्याला ओढू नये, असे आम्ही आधीच ठरवले होते. म्हणून पुढच्या बैठका दोघांबरोबर स्वतंत्र झाल्या. मुलाने तपासणी न करण्याचे ठरवले. उपाय येईल तेव्हा विचार करू, तोवर मला रोज उठून कामाला जायचे आहे, हे त्याचे कारण होते आणि ते पुरेसे होते. मुलीने सोनिया वल्लभ यांच्याविषयी वाचले होते. आई २०१० मध्ये याच गटातील जनुकीय आजाराने गेल्यावर त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली, वकिली सोडली आणि पती एरिक मिनिकेल यांच्यासह त्या याच संशोधनात उतरल्या. मुलीला त्या उदाहरणाने बळ दिले. पण एका असामान्य व्यक्तीच्या वाटेवरून आपला निर्णय घेऊ नये, म्हणून मॅडमनी तिला काही महिने थांबायला सांगितले. त्यानंतरही तिचे मत बदलले नाही. तिने तपासणी करून घेतली. निकाल फक्त तिला आणि मॅडमना माहीत आहे.

निष्पत्ती

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी डेअरीने दूध घेतले. काही सभासद आठवडाभर कुरकुरत होते. दुधाविषयी प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने मात्र आपले दूध दुसऱ्या संकलन केंद्राला घालायला सुरुवात केली आणि तो परत आला नाही. माझ्या उत्तराची ती किंमत होती. ते उत्तर आजही मी तसेच देईन.

मुलीने वडिलांच्या आजाराविषयी आणि जनुकाविषयी होणाऱ्या सासरी स्वतः जाऊन सांगितले. ते स्थळ मोडले. मुलाने तसा आग्रह धरला नसता, आईनेही नको म्हटले होते, पण तिचे म्हणणे होते की पुढे अपत्यांचा विचार करताना हे लपवणे शक्य होणार नाही. हा तिचा अधिकार होता, आणि आम्ही तिला सांगा किंवा सांगू नका असे काही सुचवले नाही.

वेगळे काय करता आले असते

चिठ्ठीवर आजाराचे नाव उघडपणे लिहिण्याऐवजी बंद पाकिटात अहवाल पाठवला असता, तर या प्रकरणाचा निम्मा भाग घडलाच नसता. सीमाभागात एखादे आरोग्यविषयक पत्रक पहिल्या दिवसापासून कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तयार असले पाहिजे. आशाताईंचे तोंडी भाषांतर उत्तम होते, पण ते कुणाला घरी नेऊन पुन्हा वाचता आले नाही, आणि अफवा मात्र प्रत्येकाच्या खिशात होती.

जनुकीय तपासणीच्या क्रमाविषयी मॅडमचे आणि माझे मत पूर्ण जुळत नाही. अण्णांची तपासणी करण्याआधी मुलांना त्याचा स्वतःवर होणारा परिणाम समजावून सांगितला होता, हे खरे आहे. पण त्या वेळी घरात शुश्रूषेची धावपळ होती आणि कोणाचेही चित्त थाऱ्यावर नव्हते. रक्ताचा नमुना जपून ठेवून तपासणी दोन-तीन महिन्यांनी केली असती तर चालले असते, असे मला वाटते. निदान पक्के करण्यासाठी ती तेव्हाच आवश्यक होती, असे मॅडमना वाटते. दोन्ही बाजूंना वजन आहे.

प्रथिनाच्या उपयोगी कामाविषयी बोलण्याचा निर्णय योग्य होता, याविषयी मला शंका नाही. त्यात एक सुधारणा मात्र करावीशी वाटते. गावातील बैठकीत मी मूलपेशी, झोप आणि चेता या तिन्हींचा उल्लेख केला होता. लोकांच्या लक्षात फक्त पायांच्या चेता राहिल्या, आणि पुरावाही तेथेच सगळ्यात भक्कम आहे. पुढच्या वेळी तेवढेच सांगणे पुरेल.

एक बाब अजून हातात आहे. मुलगा दरवर्षी शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त देत असे. जनुकीय प्रायॉन-आजाराचा धोका असलेल्यांनी रक्तदान करू नये, अशी खबरदारी अनेक देशांत पाळली जाते आणि आम्हीही त्याला तेच सांगितले. मंडळातल्या मुलांना कारण काय सांगायचे, हा त्याचा प्रश्न होता. ‘डॉक्टरांनी नको म्हटले आहे’ एवढे उत्तर पुरेसे आहे आणि त्यापुढे सांगण्यास तो बांधील नाही, हे आम्ही त्याला लिहून दिले. त्याच्या रक्तगटाचे दोन मित्र आता त्याच्याऐवजी नाव नोंदवतात.